बसवाचं तोंड

बैलाला खिडकी हवी की नको, यावरून शुक्रवारी दुपारी बेंगळुरूत बसवनगुडीच्या घरात चार मोठी माणसं पाऊण तास भांडत होती. ज्या मुलीसाठी तो बैल शिवला जात होता ती जेवून आतल्या खोलीत पालथी पडून झोपली होती.

बैल सोफ्यावर बसवला होता. पांढऱ्या फ्लॅनेलचा, आतून सुती अस्तर, पाठीवर वशिंड, पायांना काळे खूर, गळ्यात घुंगरांचा पट्टा. डोकं फोमचं, मुलीच्या डोक्यावर टोपीसारखं बसणारं. डोक्यापासून छातीपर्यंत गळ्याचं कापड खाली सोडलेलं आणि त्या कापडाआड मुलीचा चेहरा. बघायला जाळी लावलेली दोन भोकं, रुपयाएवढी. एवढंच.

"आई, हे काय आहे?" नयना म्हणाली. "आत कोण आहे ते कळणार कसं? उद्या शाळेनं शेजारच्या सोसायटीतलं पोर घातलं आत, तरी आपण टाळ्या वाजवत बसू!"

"मग वाजव की. टाळ्या वाजवायला काय धाड भरलीय तुला?" अहल्याबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. तिसऱ्यांदा चुकला होता. त्याचाही राग त्यांनी नयनावरच काढला. "आणि उजेडातून बाजूला हो आधी."

"माझ्या तनयच्या हत्तीला ठेवलंस की चेहऱ्याला भोक. सोंडेखाली."

"तनयचा हत्ती वेगळा होता."

"कसा वेगळा?"

"हत्ती होता."

या घरात मुलाचा स्टेजवरचा पोशाख भाड्यानं आणायचा नाही, हा नियम अहल्याबाईंनी केला त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. नयना दोन यत्ता शिकेपर्यंत मोर होती, सुहास टांग्याचा घोडा. त्या टेप लावत नसत. पोराला उभं करायचं, अंगावर वर्तमानपत्राचे कागद धरायचे, टाचण्या लावायच्या आणि कागदावरच नाव लिहून ठेवायचं. माळ्यावर त्या कागदांची गुंडाळी होती. ट्रायलच्या दिवशी सगळ्यांनी हजर राहायचं, हाही नियम. म्हणून मारतहळ्ळीहून नयना लॅपटॉप बंद न करताच पळून आली होती, आणि सर्जापूर रोडवरून सून शाल्मली अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन तास गाडीत तापून, लेकीला घेऊन आली होती. सुहास ऑफिसच्या कामानं पुण्याला. त्यानं फॅमिली ग्रुपवर बैलाच्या फोटोला अंगठा दाखवला आणि आपण हजर आहोत असं मानून घेतलं.

"आई," शाल्मली शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "श्वास कोंडेल तिचा."

"नाही कोंडत. काल मी स्वतः डोक्यावर घालून पावशेर गवार निवडली."

"हे खरं आहे," पद्मनाभराव बाल्कनीतून म्हणाले. "मी पाहिलं. दार उघडायला तशीच गेली. दूधवाला दोन पायऱ्या मागं गेला." त्यांच्या मांडीवर कागदाच्या लगद्याचं एक शिंग होतं. पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढलेल्या माणसाला शिंगांचं काम देऊ नये, हे घरात सगळ्यांना तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. आज अकरावा दिवस. "डावं शिंग नऊ ग्रॅम जड होतंय," ते म्हणाले. "मान डावीकडे जाणार."

"जाऊ द्या की हो! बैल आहे तो, विमान नाही!" अहल्याबाई कडाडल्या.

शाल्मली नयनाकडे बघत नव्हती आणि नयना शाल्मलीकडे. गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासूनची ही तऱ्हा. तनयच्या हत्तीवर अंबारी हवी होती, अंबारीला जरतार हवी होती, आणि सासूबाईंकडे फॉल लावायला ठेवलेली शाल्मलीची जांभळी साडी, तिच्या आईनं लग्नात नेसवलेली, नयनानं जुन्या साड्यांच्या गाठोड्यातली समजून पदरापासून हातभर कापली. तनयला पहिलं बक्षीस मिळालं. शाल्मलीनं अभिनंदनाचा मेसेज पाठवला, शेवटी पूर्णविराम देऊन. त्यानंतर दोघींचं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'मीठ दे'वर आलं होतं. आता बैलाच्या पाठीवर जी झूल होती ती त्याच पदराची. अहल्याबाईंनी अंबारी उसवून ती मुद्दाम केली होती. शाल्मलीनं आल्या आल्या ती ओळखली होती.

आज मात्र दोघी एका बाजूला होत्या, आणि अहल्याबाईंना तेच डोईजड होत होतं.

कारण त्यांना खरं सांगता येत नव्हतं.

साडेपाच वर्षांची निधी जूनपासून शाळेत एक शब्द बोलली नव्हती. घरी बडबडून डोकं उठवायची. शाळेच्या फाटकातून आत गेली की ओठ मिटायचे, ते दुपारी गाडीचं दार लागल्यावर उघडायचे. मिस चांगली होती, ओरडायची नाही. कडलेकाई परिशेच्या, म्हणजे शेंगांच्या जत्रेच्या, नाटुकल्यात तिनं निधीला बसव केलं, म्हणजे बैल. शेतकऱ्यांच्या शेंगा खाणारा बैल, शेतकरी मागे धावतात, शेवटी हात जोडतात आणि पहिली रास त्याला वाहतात. बैलाला बोलायचं काहीच नाही. फक्त फिरायचं आणि खायचं. म्हणूनच तो निधीला दिला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी अहल्याबाईंनी तिच्या अंगावर वर्तमानपत्र धरलं होतं, डोक्यावरून गुडघ्यापर्यंत. आतून आवाज आला, "आजी, मी दिसत नाही ना?"

"नाही."

"थोडी पण नाही?"

"स्वल्प पण नाही. हलू नकोस, टाचणी लागेल."

"मग यातून मी शाळेत बोलीन. तीन वाक्यं. मला कन्नडमध्ये शिकव. पण कुणाला सांगायचं नाही. आईला पण नाही. नाहीतर ती रोज विचारेल, बोललीस का, बोललीस का."

अहल्याबाईंचे हात कागदावर तसेच राहिले. त्या स्वतः मिरजेहून लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा वर्षभर दुकानात बोटानं दाखवून भाजी घेत होत्या. लोक मुकी समजायचे. पहिलं कन्नड वाक्य त्या बोलल्या ते पिठाच्या गिरणीत. गिरणीच्या घरघरीत चुकलं तरी कुणाला कळणार नव्हतं म्हणून. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आता त्यांनी पोरीचा हात हातात घेतला आणि शपथ घेतली. रोज दुपारी फोनवर आजी-नातीचं ते चालायचं. 'मी बसव. मला शेंगा फार आवडतात. यापुढे तुमचं पीक मीच राखीन.' शेवटचं वाक्य निधीचं स्वतःचं होतं. बैलानं शेंगा खाल्ल्या तर सॉरी म्हणायला नको का, असं तिचं म्हणणं.

आणि आता या दोन शहाण्या खिडकी मागत होत्या.

"आई, मला एक सांगा," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "सहा महिने झाले. त्या शाळेत माझ्या मुलीला कुणी ऐकलेलं नाही. दर मीटिंगला मी जाते, त्या काउन्सेलर मला विचारतात, घरी ताण आहे का, तुम्ही किती वाजता येता, तिच्याशी कोण बोलतं. मी काय गुन्हा केलाय? बाकीच्या आया म्हणतात, अच्छा, निधी, वो चुपवाली. चुपवाली! नाही बोलत, नको बोलू दे. निदान दिसू तरी दे ना तिला. एवढा सुंदर बैल, आणि आत माझी पोर आहे हे कुणाला कळणारच नाही?"

अहल्याबाईंच्या ओठावर आलं होतं. अगदी ओठावर. त्यांनी सुई फ्लॅनेलमध्ये इतक्या जोरात खुपसली की बोटाला लागली.

"मी नाही म्हणतेय ना? मग नाही."

"पण का?"

"माझं शिवण आहे. माझं डोकं आहे. खिडकी होणार नाही." त्या उठल्या, पिशवी घेतली. "टिचबटणं संपलीत. आणून येते. तोवर कुणी हात लावायचा नाही बैलाला."

दार आपटलं. शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं ओढणीनं पुसलं.

परिशे सोमवारी होती, पण शेंगावाले आत्तापासूनच फुटपाथवर पोती मांडून बसले होते. एरवी पाच मिनिटांचं दुकान अहल्याबाईंचा आज पाऊण तास घेणार, हे नयनाला पक्कं माहीत होतं.

नयना खिडकीतून आईला कोपऱ्यावर वळताना पाहत उभी राहिली. तिला मनातून फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की काहीतरी करून टाकायचं ही तिची लहानपणापासूनची खोड. मोराची पिसं आईला लहान वाटतात म्हणून तिनं एकदा शेजारच्या घरची केरसुणी कापली होती.

"शाल्मली," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा नावानं. "ती कधीच ऐकत नाही गं. माझ्या मोराला चोच इतकी मोठी केली होती की मला स्टेज दिसलं नाही. पडले मी खाली. आजही म्हणते, चोच बरोबर होती, तू चुकलीस."

शाल्मलीला हसू आलं. नको असताना आलं.

"आणि साडीचं..." नयना थांबली. "मला तेव्हाच यायला हवं होतं तुझ्याकडे. सांगायची लाज वाटली. मग जितका उशीर झाला तितकी जास्त वाटायला लागली."

"ताई, साडीचं जाऊ दे. तुम्ही विचारलं असतं तर मी दिली असती. त्याचाच राग आला होता." शाल्मली बैलाशेजारी बसली, झुलीवरून हात फिरवला. "छान केलीय हो झूल."

"कात्री कुठाय?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण वर्षभरानं जमलेलं सूत काहीतरी करायला मागतं, आणि समोर बैल होता.

"एक छोटं गोल," शाल्मली म्हणाली. "फक्त डोळे, नाक, तोंड."

"म्हणजे चेहराच की."

"हो, म्हणजे चेहराच."

नयनानं बशी ठेवून खडूनं गोल काढला, शाल्मलीनं कापड ताणून धरलं. कापलेल्या तुकड्याच्या नयनानं लगेच चिंध्या केल्या आणि शेपटीला गोंडा बांधला, म्हणजे आईला वाटावं काहीतरी चांगलंही झालंय. बाल्कनीतून पद्मनाभराव म्हणाले, "कात्रीचा आवाज येतोय." दोघी कडेला गोट लावत बसल्या, शेजारी शेजारी, आणि अहल्याबाईंची नक्कल करत इतक्या हसल्या की नयनाच्या हातातून रीळ सुटून सोफ्याखाली गेलं.

अहल्याबाई आल्या तेव्हा निधी नुकतीच उठली होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. "माझा बैल झाला?" ती म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत डोकं चढवून कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली.

आरशात शिंगं होती, कान होते, आणि मधोमध, लाल गोटाच्या गोलात, निधी होती.

"किती गोड!" नयना म्हणाली. फोन तयारच होता. "इकडे बघ, आत्याकडे."

निधीनं आत्याकडे पाहिलं नाही. तिनं डोकं काढलं, नीट सोफ्यावर ठेवलं, आणि चालत जाऊन शिलाई मशीनच्या टेबलाखाली बसली. पायडलच्या मागं, भिंतीला पाठ लावून.

"निधी? काय झालं बाळा? टोचलं का?"

काही नाही.

"आवडलं नाही का? सांग ना मला."

काही नाही. ओठ मिटलेले. शाल्मली गुडघ्यांवर खाली वाकली आणि तिला तो चेहरा दिसला, जो तिनं शाळेच्या फाटकापाशी रोज पाहिला होता. घरात कधीच पाहिला नव्हता. घरात तो येत नाही, एवढ्याच आधारावर तिनं सहा महिने काढले होते.

"आई," ती वळून म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "ती घरीपण गप्प झाली."

अहल्याबाईंनी बैल पाहिला. गोल पाहिला. शेपटीचा गोंडा पाहिला.

"अरे देवा! तासभर बाहेर गेले तर माझ्या मागं मुलखाचा उच्छाद मांडलात! दोघींच्या हातात एम.ए., एम.टेक. आणि डोक्यात काय? बटाटे? हात लावू नका म्हटलं होतं. कन्नडमध्ये सांगायला हवं होतं का?"

"पण आई, तुम्ही कारणच सांगत नाही! नुसतं नाही, नाही, नाही!" शाल्मली रडत ओरडली. "मी तिची आई आहे!"

या एका वाक्यावर अहल्याबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग कंबरेला हात लावत, पायडल धरून, त्या सत्तराव्या वर्षी मशीनच्या टेबलाखाली शिरल्या. गुडघे कडकडले तो आवाज बाल्कनीपर्यंत गेला. दोघी एकमेकींना चिकटून बसल्या.

"सांगू का आईला?" त्या अगदी हळू म्हणाल्या.

निधीनं मान हलवली. नाही.

"मग दुसरं सांगते. खिडकी बंद करते. चालेल?"

मग मान हलली. हो.

बाहेर यायला नयनाला हात द्यावा लागला. उभं राहून अहल्याबाईंनी पदर खोचला. "मला काही विचारू नका. कापड शोधा."

फ्लॅनेल उरलं नव्हतं. होतं ते शेपटीला चिंध्या होऊन लोंबत होतं. साडेपाचला चिकपेटच्या कापडबाजारात जाऊन परत येणं म्हणजे उद्याच्या कार्यक्रमाला थेट तिकडूनच जाणं. अहल्याबाईंनी कपाट उपसलं. उशीचे अभ्रे, जुनं धोतर, पडद्याचं अस्तर. नयनानं पांढरी चादर पुढे केली.

"ही घे. रंग जुळतो."

"जाड आहे."

"मग काय झालं?"

"जाड नको म्हणते ना! पातळ हवं. आवाज अडेल."

बोलल्या आणि जीभ चावली.

"कसला आवाज?" पद्मनाभराव शिंग घेऊन दारात उभे होते. "बैलाला तर काही बोलायचं..."

"अण्णा, तुम्ही शिंग बघा," नयना म्हणाली. ती आईकडे पाहत होती.

शाल्मलीही पाहत होती. सासूचं तोंड लाल झालं होतं आणि त्या चादरीची घडी पुन्हा पुन्हा घालत होत्या. अहल्याबाई दुपारभर भांडल्या, पण कारण सांगितलं नाही. रोज चार वाजता निधी फोन घेऊन बाथरूममध्ये जायची, आजीशी बोलते म्हणायची, दार लावायची. आवाज अडेल. शाल्मली मटकन खुर्चीवर बसली.

तिनं विचारलं नाही. आयुष्यात तिनं गिळलेला हा सगळ्यात मोठा प्रश्न असेल. 'ती बोलणार आहे का?' टेबलाखालून दोन डोळे तिच्याकडेच बघत होते, ती विचारतेय का ते पाहत.

शाल्मलीनं गळ्यातली ओढणी काढली. पांढरी, मलमलची, इतकी पातळ की हातावर धरली तर बांगड्या दिसायच्या. तिनं ती नयनासमोर धरली.

"कापा."

नयनानं कात्री मागं घेतली. "नको गं बाई. मी आता तुझ्या कुठल्याही कपड्याला कात्री लावणार नाही."

"ताई, कापा म्हणते ना! मी देतेय."

नयनानं कापली. शाल्मलीनं स्वतः सुई घेतली. तिला बटणसुद्धा धड लावता येत नसे, पुण्याला माहेरी आई लावायची, इथं इस्त्रीवाला. टाके वाकडेतिकडे पडायला लागले.

"हे टाके आहेत की बेंगळुरूचा ट्रॅफिक?" अहल्याबाईंना राहवेना. "जवळ जवळ घाल. आणि गाठ मार शेवटी. गाठ! ती गाठ नाही, तो गुंता आहे."

"शिवू द्या मला."

"शिव. शिव बाई." त्यांनी उसवायला उचललेलं ब्लेड खाली ठेवलं. असले टाके त्यांनी चाळीस वर्षांत कुणाचे ठेवले नव्हते.

टेबलाखालून आवाज आला. "घट्ट शिव, आई."

शाल्मलीनं मान वर केली नाही. "हो," ती म्हणाली. पुढचे चार टाके तिला दिसलेच नाहीत, अंदाजानंच घातले.

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये पंखे लावूनही उकडत होतं. अहल्याबाई आणि पद्मनाभराव कडेच्या खुर्च्यांवर, तिसऱ्या रांगेत शाल्मली, तिच्या मागं नयना, फोन हातात. पुण्याहून सुहासचा मेसेज आला, 'सुरू झालं का?' नयनानं फोन व्हिडिओवर लावला.

बैल आला. मान थोडी डावीकडे कलली होती.

"बघ," पद्मनाभराव कुजबुजले. "नऊ ग्रॅम."

"गप्प बसा हो."

बैलानं शेंगा खाल्ल्या. मुंडासं बांधलेले सात शेतकरी ओरडत मागं धावले, त्यातला एक रडायला लागला, त्याला त्याच्या आईनं स्टेजवरून उतरवून नेलं. उरलेल्या सहांनी हात जोडले. टोपलीभर शेंगा बैलापुढे ठेवल्या. मिसनं माईकवर सांगितलं, बसव प्रसन्न झाला, आणि टाळ्या सुरू झाल्या. नाटुकलं संपलं होतं.

बैल जागचा हलला नाही. मग तो मिसपाशी गेला आणि खुरानं तिच्या साडीचा काठ ओढायला लागला. मिसला वाटलं बाथरूमला जायचं असेल. ती वाकली. हातातला माईक बैलाच्या तोंडापाशी आला.

"नानु बसवा," हॉलमध्ये आवाज आला.

टाळ्या विस्कटल्या.

"ननगे कडलेकायी तुंबा इष्टा." मलमलचं कापड शब्दागणिक आत जात होतं, बाहेर येत होतं. मधेच थांबलं. कडेच्या खुर्चीवर अहल्याबाईंचे ओठ हलत होते, आवाज न करता. "इन्मेले निम्म बेळे नाने कायतिनी."

मिस सरळ झाली. तिनं सहा शेतकऱ्यांकडे पाहिलं, पडद्यामागं पाहिलं, मग पुन्हा शेतकऱ्यांकडे. सहा महिने रोज सकाळी हजेरी घेणारी ती बाई हा आवाज ओळखत नव्हती. "यारु माताडिद्दु?" तिनं विचारलं. कोण बोललं?

शेतकरी एकमेकांकडे बघायला लागले.

तिसऱ्या रांगेत शाल्मली उभी राहिली होती. तिला स्वतःला कळलं नव्हतं. ज्या हॉलमध्ये निम्म्या लोकांना मराठी येत नव्हतं तिथं ती मराठीतच ओरडली, "माझी! माझी आहे ती!"

"अगं बस ना खाली!" मागून नयना तिचा कुर्ता ओढत होती, आणि तिचाही आवाज भिजला होता. "बस शाल्मली, तुझंच डोकं येतंय सगळं!"

ती बसली नाही. आजही तो व्हिडिओ लावला तर त्यात पांढऱ्या बैलाचं एक शिंग दिसतं, डावं, आणि बाकी सगळी शाल्मलीची पाठ. चेहरा कुणाचाच नाही. आवाज मात्र स्वच्छ आलाय.